आईचे गुडघे, दोन टक्के

४ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. काही निर्णय होताना नोंदवून ठेवावे लागतात, नाहीतर नंतर लोक श्रेय भलत्यालाच देतात.
बायकोला मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. १ मेला हजर व्हायचं. सगळे तिचं अभिनंदन करतायत. करू देत. नोकरी तिची, नियोजन माझं.
मी फर्निचर शोरूममधली नोकरी सोडली. निरोप देताना शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. (हसून आलं असेल, असं ही म्हणते. ही तिथे नव्हती.)
ठरलं असं, की मी पुढे जाऊन उपनगर आणि घर नक्की करायचं. ही, कन्या (वय चौदा, मतं चाळीस) आणि आई (वय अठ्ठ्याहत्तर) एप्रिलअखेर सामानासकट येणार. निघताना हिने चिठ्ठी दिली. हॉस्पिटल जवळ. शाळा जवळ. लिफ्ट किंवा तळमजला.
तीन मुद्दे. अठरा वर्षं माझ्याबरोबर काढून बाईची झेप तीन मुद्द्यांपर्यंत.

७ मार्च
मेव्हण्याकडे उतरलो. हिचा धाकटा भाऊ. दोन खोल्या, एक सोफा. सोफा माझा.
किती दिवस लागतील, असं त्याने जेवताना विचारलं. दर्जेदार कामाला मुदत नसते, म्हटलं. त्याने बायकोकडे बघितलं. तिने भिंतीकडे.

९ मार्च
एक्सेल शीट तयार! बावीस कॉलम. प्रत्येक घराला मार्क, प्रत्येक मुद्द्याला टक्के. लोक घर भावनेने घेतात आणि मग जन्मभर रडतात. 'घर पाहावं बांधून' म्हणतात, पण मुळात घर पाहावं कसं, हेच कुणाला माहीत नाही.
वाटणी अशी: उपनगराचं भविष्य ४०. उजेड १५. शेजाऱ्यांचा दर्जा १५. शांतता १०. हॉस्पिटलपासून अंतर ५ (बाई मेहनती आहे, तिला प्रवासाची सवय होईल). शाळा ३. आईचे गुडघे २. गुडघे शेवटी दोनच असतात.
हा विनोद मेव्हण्याला सांगितला. त्याला शीट कळली नसावी.

१२ मार्च, दुपार
हिची कागदपत्रं द्यायला हॉस्पिटलच्या ऑफिसात गेलो. कारकून म्हणाला, सिस्टरना क्वार्टर मिळतेय. दोन खोल्या, तळमजला, गेटच्या समोर. एक सिस्टर रिटायर झाली म्हणून अचानक मोकळी झाली, नाहीतर लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. एकतीस तारखेच्या आत सही हवी, हो किंवा नको.
मी विचारलं, दारावर पाटी कुणाची?
सिस्टरची, म्हणाला.
आणि मिस्टर?
मिस्टर राहू शकतात, म्हणाला.
राहू शकतात! सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी. बायकोच्या पाटीखाली परवानगीने राहू? आणि मग शीट कशासाठी बनवली?
'नको' वर सही केली. हिचीच. बँकेचे फॉर्म मीच भरतो, त्यामुळे हिची सही मला हिच्यापेक्षा सुबक येते. कारकुनाने फॉर्म दोनदा उलटून बघितला. सामान्य माणसांना ठाम माणसांची सवय नसते.
हिला इतक्यात सांगायचं नाही. घर मिळाल्यावर सांगू. हसेल.

१५ मार्च
एजंट नेमला. मध्यमवयीन, दोन मोबाइल, एक खोकला. त्याला शीटची प्रिंट दिली. त्याने ती घडी करून मोटारसायकलच्या सीटखाली ठेवली. म्हणजे जपून ठेवली.

१६ ते २१ मार्च
सात घरं. सगळी नापास.
पहिलं: हॉस्पिटलजवळ, पण समोर बेकरी. सतत वास.
दुसरं: उजेड चांगला, पण तो दुसऱ्यांच्या खिडक्यांवरून येतो.
तिसऱ्यात शेजारी स्वतःहून हसला. असे लोक पुढे साखर मागतात.
चौथं ठीक होतं. म्हणूनच संशय आला.
बाकीची लिहिण्यासारखी नाहीत.

२२ मार्च
आज एका म्हाताऱ्या बाईंचं घर. हॉस्पिटलपासून दोन स्टॉप, तळमजला, पुढे थोडी मोकळी जागा. बाई मागच्या खोलीत एकट्या राहतात. आई येणार म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला, मला पण सोबत होईल म्हणाल्या. चहा दिला.
मी त्यांना चांगल्या मनाने तीन सूचना केल्या. ओटा चुकीच्या भिंतीला आहे. खिडकी आणि दार समोरासमोर हवं होतं. आणि हे पडदे या वयात शोभत नाहीत.
बाई म्हणाल्या, घर माझं आहे की तुमचं?
एजंटला खोकल्याची उबळ आली. शेजाऱ्यांचा दर्जा: पंधरापैकी दोन. बाहेर आल्यावर एजंट म्हणाला, साहेब, चहा पिऊन गप्प बसला असतात तर किल्ली हातात होती. मी त्याला समजावलं की मी किल्ली नाही, घर शोधतोय. वाटेत तो हिरव्या सिग्नललाही थांबून राहिला. विचार करत असावा.

३० मार्च
संध्याकाळी परत आलो तर सोफा नव्हता. रिपेअरला दिला म्हणे. सोफ्याला काहीही झालेलं नव्हतं. मी फर्निचरमधला माणूस आहे, मला कळतं.
चटई घालून झोपतोय. पाठीला जमीन चांगली.
हिचा फोन. घर मिळालं का? म्हटलं, शॉर्टलिस्टिंग चालू आहे. हॉस्पिटलकडून क्वार्टरचं काही कळलं का, असं तिने सहज विचारलं. कुणीतरी तिला सांगितलंय वाटतं. म्हटलं, तो विषय क्लोज झाला. हे अक्षरशः खरं आहे.

६ एप्रिल
एकतीस घरं झाली. एजंट आता 'साहेब' कमी म्हणतो. आज म्हणाला, तुम्हाला घर हवंय की परीक्षा घ्यायचीय? म्हटलं, दोन्ही. त्याने हेल्मेट घातलं आणि उभ्या गाडीवर तसाच बसून राहिला.

११ एप्रिल !!!
सापडलं.
एजंट सकाळी स्वतःहून आला. म्हणाला, एक घर आहे, पण मी ते कुणाला दाखवत नाही. सगळ्यांना समजत नाही. माझ्या अंगावर रोमांच आले. महिनाभरात माणूस तयार झाला.
दोन बस बदलून गेलो. शहर संपतं, मग थोडं काहीच नसतं, आणि मग हे उपनगर सुरू होतं. सहा बिल्डिंगा, त्यातल्या दोन पूर्ण. आमची जवळजवळ पूर्ण. पाचवा मजला. रस्ता येणार, स्टेशन येणार, शाळेसाठी जागा राखीव, बाजारपेठ नकाशावर. भविष्याला मी चाळीसपैकी चाळीस दिले. शांतता दहापैकी दहा. शेजाऱ्यांचा दर्जा पंधरापैकी पंधरा, कारण शेजारीच नाहीत.
एकूण ८७! दुसऱ्या नंबरच्या घराला ५४.
लोक तयार उपनगरात राहायला जातात. आम्ही उपनगराच्या आधी जाऊन राहणार. वीस वर्षांनी इथे चौकाला नाव द्यायची वेळ येईल तेव्हा बघू.

१२ एप्रिल
हिला फोटो पाठवले. गॅलरीतून आकाशाचे जास्त, कारण तेच जास्त आहे.
हिने एकच विचारलं. लिफ्ट आहे ना?
म्हटलं, लिफ्टची जागा आहे.
खोटं बोललो नाही.

१३ एप्रिल
करार. भाड्याचं घर तीन वर्षं सोडता येणार नाही, अशी अट. एजंट म्हणाला, साहेब, अट मालकासाठी आहे, तुम्हाला कोण हलवणार आहे? मार्मिक बोलला. माझ्या एकट्याच्या नावावर केला, म्हणजे हिच्या डोक्याला ताप नको. सही झाल्यावर एजंटने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले होते त्याने.
मेव्हण्याला सांगितलं. संध्याकाळी सोफा परत आला.

२८ एप्रिल, दिवसभर
ट्रक आला. सामान चढलं. मग आई.
वॉचमनने विचारलं, आजी पण वरच का? प्रश्नातच अज्ञान.
जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची काढली, आईला बसवलं, चादरीने बांधलं. चार हमाल. मी खालून सूचना देत होतो. दुसऱ्या मजल्यावर एका हमालाने मला गप्प बसायला सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत. आईने डोळे गच्च मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी खुर्ची नाही, नातीचा हात धरला होता. कन्या उलटी, पाठीमागे न बघता पायऱ्या चढत होती. चौथ्या मजल्यावर खुर्ची टेकवली. आईने विचारलं, अजून किती रे? हमाल म्हणाला, आजी, आता थेट स्वर्ग.
मी हसलो. एकटाच.
ही खालीच होती. लिफ्टच्या जागेपाशी. चौकोनी खड्डा आहे, आडवी फळी लावलेली, तळाशी पाणी आणि त्यात एक चप्पल. ही वाकून बघत होती. बराच वेळ. मग तिने माझ्याकडे बघितलं. त्याहून कमी वेळ.
प्रवासाचा शीण असणार.

२९ एप्रिल
आईला गॅलरीत बसवलं. विचारलं, व्ह्यू कसा आहे? म्हणाली, एकही माणूस दिसत नाही रे. म्हटलं, तोच तर व्ह्यू.
पाणी पाचव्यापर्यंत चढत नाही. प्रेशर येणार आहे. तोपर्यंत बादल्या. व्यायाम.

१ मे
हिची ड्यूटी सातला सुरू. पहिली बस चार चाळीसला. उजाडायच्या आत गेली. मी उठलो होतो. म्हणजे जागा होतो. पडून शुभेच्छा दिल्या.

१ मे, संध्याकाळी ८.३०
आली. हात धुतले. जेवायला वाढलं, आईला भरवलं, मग माझ्यासमोर बसली. ऑफिसातला कारकून भेटला होता म्हणे. सिस्टर, तुम्ही क्वार्टर का सोडलीत, असं विचारलं त्याने. आता यादीत एकोणीस जण पुढे आहेत.
तिने विचारलं, माझी सही तुम्ही केलीत?
हसेल असं वाटलं होतं. म्हटलं, हो, आणि तुझ्यापेक्षा सुबक.
ती म्हणाली, बरं.
बरं म्हणजे मान्य. विषय संपला. उगाच दीड महिना मनात ठेवला.

९ मे
हिने बँकेतली सही बदलली. नवी सही फार वळणांची आहे. मला अजून नीट जमत नाही.

१३ मे
काल ही बेसिनपाशी उभ्या उभ्या झोपली. नळ चालू. म्हणजे नळाला पाणी नाही, पण चालू. मी जागं केलं आणि सल्ला दिला की बसमध्ये झोपत जा, जाऊन-येऊन चार तास मिळतात. आठ तासांची झोप आरोग्याला लागते, त्यातली अर्धी तर प्रवासातच वसूल. तिने नळ बंद केला.
घरात आता वाद होत नाहीत. उपनगराच्या शांततेचा परिणाम माणसांवर होतोच.

१७ मे
ही तीन दिवस हॉस्पिटलच्या ड्यूटी रूममध्येच राहिली. केसेस फार आहेत म्हणे. शहराची तब्येत खराब आहे, त्याला मी काय करणार?

२४ मे
कन्येला शाळेची राखीव जागा दाखवायला नेलं. मैदान, एक फलक. फलकावर इमारतीचं चित्र आणि हसणारी मुलं. म्हटलं, दोन वर्षांत उभी राहील.
ती म्हणाली, तोपर्यंत मी चित्रात बसू का?
जिभेला हाड नाही. हिच्यावर गेली. परत येताना दहा पावलं पुढे चालत होती. मी आवाज दिला तर आणखी पंधरा.

१ जून, दुपारी १.४०
हिचा फोन. घर घेतलं, म्हणाली.
कुठलं घर? आपलं घर आहे की!
थिएटरमधल्या एका आयाबाईंनी सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघितलं, आवडलं, हो म्हणून टाकलं. तळमजला. हॉस्पिटलला चालत आठ मिनिटं. मागच्या गल्लीत शाळा, कन्येचा प्रवेश झाला.
एका लंच अवरमध्ये! एकही कॉलम न भरता! मी विचारलं, भविष्याचं काय? ती म्हणाली, सोमवारपासून शाळा आहे.
असल्या उत्तराला काय म्हणायचं?

२ जून
ही येऊन दोन बॅगा भरून कन्येला घेऊन गेली. तात्पुरती सोय आहे. कामाच्या दिवसांपुरती. (हे तिने म्हटलं नाही, पण उघड आहे.)
आईंना पण नेते, म्हणाली. तिथे मी ठाम राहिलो. आई मुलाकडेच राहील. मुलगा जिवंत असताना आई सुनेकडे राहायला गेली, असं लोकांनी म्हणायचं? लोक कुठले, असं कन्येने विचारलं, इथे आहेत का?
आईला विचारायची गरज नव्हती. आईने तिची पिशवी मांडीवर घेऊन ठेवली होती. मी ती काढून कपाटावर ठेवली.

५ जून
निश्चय: (१) रोज सकाळी सहाला उठणे. (२) आईला गॅलरीत चालवणे. (३) लिफ्टबद्दल बिल्डरला खरमरीत पत्र.
उठलो नऊला. आई म्हणाली, गुडघ्याला कळ येतेय, आज नको. पत्राचा मायना तयार आहे.

८ जून
गुडघ्याच्या इंजेक्शनची तारीख होती. आईला खाली न्यायचं तर हमाल हवेत, आणि हमालांनी माझा नंबर ब्लॉक केलाय असं दिसतं. डॉक्टरांना घरी बोलावलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत आले. तिथे जिन्यात बसले, आणि तिथून फोनवर आईला तपासलं. म्हणाले, यांना इथे ठेवू नका. डॉक्टरांनी वजन कमी करायला हवं.

११ जून
दोन बादल्या पाणी वर आणतो. पाच मजले. आई दाराशी खुर्चीत बसून माझी वाट बघते. मी धापा टाकत आलो की म्हणते, अर्धीच आण रे बाबा, मला कितीसं लागतं.
आणि खरंच तिला कमी लागतं. काल दिवसभरात दोन ग्लास. आज दीड. इथल्या हवेत तहानच लागत नाही माणसाला. शीटमध्ये हा मुद्दा घ्यायला हवा होता.

१४ जून
आई फार बोलत नाही. समाधानी.

१८ जून
हिची सुट्टी. कन्येला घेऊन आली. न कळवता. मी आत बादल्या लावत होतो. बाहेर आलो तर ही आईपुढे गुडघ्यांवर बसलेली. आईची जीभ बघितली. मग आईच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, तंबूसारखी. हळूहळू खाली बसली.
मी म्हटलं, वयाने होतं.
ही आईला घोटघोट पाणी पाजत तास दीड तास बसली. मग विचारलं, आई, येताय?
आईने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, मला सुनेकडे राहायचंय. कपाटावरची पिशवी काढ.
हे माझ्या आईने. माझ्यासमोर.
मी म्हटलं, ठीक आहे, पण उतरणार कशी? हमाल नाहीत. मुद्दा बिनतोड होता. आई म्हणाली, खुर्ची नको, बांधणं नको. हिचा हात धरून जिन्यापर्यंत गेली आणि पहिल्या पायरीवर बसली. चक्क बसली. मग हात टेकून खालच्या पायरीवर. मग त्याच्या खालच्या. ही एक पायरी खाली, तोंड आईकडे करून. कन्या बाजूला, उशी घेऊन, आई सरकली की उशी खाली सरकवत. नव्वद पायऱ्या.
मी मागे होतो. मग वाटलं पुढे असावं, म्हणून तिसऱ्या मजल्यावर पुढे झालो आणि हात दिला. आई म्हणाली, बाजूला हो, उजेड अडतोय.
एक तास चाळीस मिनिटं. मोबाइलवर वेळ लावली होती. दर मजल्याला थांबे. दुसऱ्या मजल्यावर तिच्या हाताचं सालटं निघालं, तर कन्येने आपला रुमाल बांधला. आई एकदाही कण्हली नाही. वॉचमन खुर्ची सोडून उभा राहिला होता. खाली पोचल्यावर आई उठेना. मला वाटलं, थकली. ती जमिनीवर तळहात फिरवत होती.
गाडीत बसताना मी खिडकीपाशी गेलो. म्हटलं, आई, आठ दिवसांत लिफ्ट येतेय. ती म्हणाली, बरं.

१९ जून
नीट विचार केला. काल जे झालं त्याची चांगली बाजू कुणी बघत नाही. एप्रिलमध्ये जिला चार माणसांनी उचलून आणावं लागलं, ती बाई जूनमध्ये स्वतः पाच मजले उतरली. पन्नास दिवसांत इतका फरक. हवेचा गुण.

२६ जून
लिफ्टच्या खड्ड्यावर लोखंडी पत्रा ठोकलाय. वॉचमन त्यावर खाट टाकून झोपतो. बिल्डरचा फोन लागत नाही. एजंटचा लागतो, पण माझा आवाज ऐकला की रेंज जाते.

७ जुलै
रडत बसणाऱ्यातला मी नाही. अनुभव असा वाया जाऊ द्यायचा नसतो. व्हिजिटिंग कार्ड छापली. 'स्थलांतर सल्लागार. योग्य उपनगर, योग्य घर.' दीडशे. बसस्टॉपच्या खांबाला चिकटवली.

१५ जुलै
पहिला फोन! नवरा-बायको, नुकतेच या शहरात आलेले. चहाच्या दुकानात भेटलो. पाऊण तास शीट समजावली. नवरा प्रभावित. बायको ऐकत होती. मग म्हणाली, तुम्ही स्वतः कुठे राहता?
सांगितलं.
आणि घरचे?
म्हटलं, घरचे सध्या हॉस्पिटलजवळ.
तिने नवऱ्याच्या चहाचा कप त्याच्या हातातून काढून टेबलावर ठेवला आणि दोघं उठली. स्त्रियांना पर्सेंटेज कळत नाही.

२२ जुलै
कन्येचा फोन. तिकडे गेल्यापासून पहिलाच, स्वतःहून. गणिताचा पेपर चांगला गेला म्हणाली. पाच मिनिटं बोललो. मग म्हणाली, आजीला द्यायचाय का फोन? ती बाहेर बसलीय, शेजारच्या बायकांबरोबर, थांबा बघते. पावलं ऐकू आली. हसणं ऐकू आलं. बरंच. मग कन्या परत आली आणि म्हणाली, आजी म्हणते नंतर.
थांबलो होतो थोडा वेळ. फोन आधीच कट झाला होता.

२९ जुलै
हिचा मेसेज. रविवारी जेवायला या, एक वाजता. आई म्हणतायत.
अपेक्षित होतंच. फार ताणलं त्यांनी, पण शेवटी माझ्यावाचून चालत नाही. मी मोठ्या मनाने वागणार. मागचं काही काढायचं नाही. वॉचमनला सांगून ठेवलं, काही दिवस घर बंद राहील.

२ ऑगस्ट, रविवार, रात्री ८.४५
पावणेएकला पोचलो. बरोबर बॅग. दोन शर्ट, पँट, टॉवेल, दाढीचं सामान, ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या. शीटची प्रिंट नेली नाही.
तीन पायऱ्या आणि दार. आई दारापुढे खुर्चीत. जाड झालीय. हातात काठी आहे, ती टेकून उठली, स्वतः. शेजारच्या बाईने विचारलं, कोण हो? आई म्हणाली, माझा मुलगा. लांब राहतो.
दारावर पाटी हिच्या नावाची.
खोल्या दोनच. उजेड सकाळी येत असावा, दुपारी नव्हता. ओट्याची भिंत चुकीची. सूचना केली नाही. आईची खाट खिडकीशी, कन्येचं टेबल तिच्या पायथ्याशी, हिची गादी मधल्या जागेत. मोजलं. तीन माणसांचं घर बसलेलं आहे.
जेवण चांगलं होतं. हिने दोनदा वाढलं. कुणी मागचं काही काढलं नाही. मीही नाही. क्वार्टर नाही, सही नाही, पाणी नाही. मी वाट बघत होतो की कुणीतरी काढेल.
बॅग खोलीच्या मधोमध होती. कन्येने उचलून दाराशी ठेवली, आजी अडखळेल म्हणाली. बॅगेत काय आहे, असं कुणी विचारलं नाही. एवढी मोठी बॅग घेऊन माणूस जेवायला कशाला येईल, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडला नाही. किंवा तिघींनाही पडला.
चारला चहा झाला. मग कन्या अभ्यासाला बसली, आई लवंडली. ही उद्याचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. मी म्हटलं, थकतेस का फार? म्हणाली, नाही. खरंच वाटत नव्हती थकलेली. मी तिच्याकडे बघत बसलो. मार्चपासून बघितलंच नव्हतं.
इस्त्री बंद करून तिने विचारलं, बस किती वाजता असते तुमची?
मला सगळ्या वेळा पाठ आहेत. म्हटलं, सहा दहा.
मग निघायला हवं, म्हणाली. रागाने नाही. जशी पेशंटच्या नातेवाइकांना सांगत असेल तशी.
आई दारापर्यंत आली. डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, पाणी पीत जा.
सहा दहाची बस सहा दहालाच आली. बसायला जागा मिळाली. बॅग मांडीवर.
घर चांगलं आहे. मला ते सापडलं नसतं.